दर्याने टाकलेला माल

वैशाख सरत आला म्हणजे कोकणच्या बंदरांतील दर्यावर्दी व्यापार आपला पसारा आवरू लागे. गलबते, मचवे आणि पडाव खाडीच्या आत ओढून घ्यावेत, शिडे आणि परबाणे उतरवून कोठीत ठेवावीत, वर झावळ्यांनी शाकारून घ्यावे, आणि नारळी पौर्णिमेस दर्याला नारळ अर्पण होईपर्यंत समुद्राकडे पाठ फिरवून शेतीभातीच्या उद्योगाला लागावे, असा तेथील पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता होता. परंतु बाजारभावाचा मोह हा पंचांगाला जुमानणारा नव्हे. त्यामुळे पाऊस तोंडावर आला असताही एखादा सावकार आणखी एक खेप पदरात पाडून घेण्यासाठी आपल्या तांडेलास हाकलीत असे, आणि मग वायव्येकडून नैर्ऋत्येकडे फिरलेल्या वाऱ्याने, खाडीच्या मुखाशी साचलेल्या वाळूच्या दांड्याने किंवा मालवणच्या आसपास पाण्याखाली दबा धरून बसलेल्या खडकांनी त्या खेपेचा हिशेब चुकता करावा, असे वारंवार घडे. रात्री वादळ होई. पहाटे किनाऱ्यावरची माणसे उठून पाहतात तो वाळूवर डोलकाठीचा तुकडा, सुंभाची वेटोळी आणि भरतीरेषेवर ओळीने लागलेले नारळ.

समुद्र माल परत करतो, पण सगळा नव्हे आणि सारख्या स्थितीत तर नव्हेच. मीठ आणि साखर ह्यांची तो बोळवण करून टाकतो; तांदूळ भिजून फुगतो, पोती फाडतो आणि दोन दिवसांत आंबतो; तांबे, शिसे आणि नाणे तळाशी जाऊन पाणबुड्यांची वाट पाहत बसते. उलट नारळ, खोबरे आणि लाकूड हे जन्मजात पोहणारे जिन्नस. कापडाचे गठ्ठे वेळीच उलगडून गोड्या पाण्याने धुतले तर बाजारात निदान निम्म्या किमतीस उभे राहतात, आणि मिरी उन्हात पसरली म्हणजे पुष्कळ अंशी सावरते. म्हणूनच फुटलेल्या तारवाच्या मालाचे मोल पहिल्या एकदोन दिवसांत कोणाचे हात त्याला लागतात ह्यावर अवलंबून असे, आणि ते हात अर्थातच कोळी, गाबीत, खारवी, भंडारी अशा किनाऱ्यावरच राहणाऱ्या लोकांचे असत. बंदरचा हवालदार कारकुनासह येऊन पंचांसमक्ष मोजदाद सुरू करी, तोपर्यंत मोजण्याजोगे जे उरलेले असे तेच सरकारदप्तरात नोंदले जाई. जे त्याआधीच कोणाच्या माळ्यावर चढले, ते कोणत्याच दप्तरात नसल्यामुळे इतिहासालाही पारखे झाले.

अशा मालावर दावा सांगणारे तिघे. एक, ज्याने भांडवल घातले तो व्यापारी. दुसरा, ज्याच्या मुलखाच्या किनाऱ्यावर तो माल लागला तो राजा. आणि तिसरा, ज्याने कमरेइतक्या पाण्यात उतरून तो ओढून काढला तो गावकरी. पहिल्या दोघांचा वाद शिलालेखांत, प्रवासवृत्तांत आणि तहनाम्यांत विस्ताराने सापडतो. तिसऱ्याचा दावा मात्र कोणी लिहून ठेवलेला नाही; तो आपल्याला केवळ मनाईच्या हुकुमांवरून आणि शिपायांच्या काठ्यांवरून ओळखावा लागतो.

पहिल्या दोघांचा वाद जेथे अगदी समोरासमोर उभा राहिला असे एक स्थळ महाराष्ट्राच्या परिचयाचे आहे, ते म्हणजे सन १६७४ च्या ज्येष्ठातील रायगड. राज्याभिषेकाच्या समारंभाचे वर्णन करताना इंग्रज वकील हेन्री ऑक्झेंडन ह्याचा उल्लेख आपले इतिहासकार आवर्जून करतात. परंतु तो गृहस्थ मुंबईहून एवढा चढ चढून केवळ मुजरा करण्यास आला नव्हता. सन १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात इंग्रजांनी सिद्दी जौहरच्या बाजूने तोफा डागल्या. त्याची फेड म्हणून पुढल्याच वर्षी शिवाजी महाराजांनी राजापूर घेतले तेव्हा तेथील इंग्रजांची वखार लुटली आणि वखारवाल्यांना कैदेत टाकले. त्या नुकसानीच्या भरपाईचे घोंगडे पुढे तेरा वर्षे भिजत पडले होते. ते एकदाचे निकालात काढावे, हुबळीच्या वखारीच्या लुटीचाही त्यात समावेश व्हावा, आणि राजापूर, दाभोळ, चौल व कल्याण येथे व्यापाराची मोकळीक मिळावी, अशा हेतूने सिद्ध केलेला वीस कलमांचा मसुदा ऑक्झेंडनच्या पेटीत होता, आणि दुभाष्या म्हणून नारायण शेणवी बरोबर होता.

जकातीचे कलम मान्य होण्यास अडचण पडली नाही. शेकडा अडीच हा दर ठरला. भरपाईची तोडही मोठ्या चातुर्याने निघाली: दहा हजार होन रोकड न देता, इंग्रजांनी तीन वर्षे दरसाल पाच हजार होनांचा माल सरकारातून घ्यावा आणि त्याची निम्मीच किंमत भरावी, म्हणजे साडेसात हजार फिटतील, व उरलेले अडीच हजार राजापूरच्या जकातीतून सुटतील. तिजोरीतून एक होन बाहेर न काढता कर्ज फेडण्याची ही युक्ती पाहून ईस्ट इंडिया कंपनीच्या मुरब्बी व्यापाऱ्यांनीही मनातल्या मनात मान डोलावली असावी. घोडे अडले ते दोन कलमांवर. एक होते परस्परांचे नाणे परस्परांच्या मुलखात चालावे ह्याविषयी, आणि दुसरे, इंग्रजांची किंवा त्यांच्या रयतेची जहाजे वादळाने मराठ्यांच्या किनाऱ्यावर येऊन फुटली तर त्यांतील माल परत मिळावा ह्याविषयी.

नाण्याच्या बाबतीत महाराजांचे म्हणणे व्यवहारी होते: तुमचे नाणे कसाला आणि वजनाला खरे उतरले तर त्याला कोणी अडवणार नाही, पण रयतेने तोटा सोसून ते घ्यावे अशी सक्ती करता येणार नाही. फुटलेल्या जहाजांचा प्रश्न मात्र व्यवहाराचा नव्हता, तो हक्काचा होता. तुफानाने किंवा अन्य कारणाने किनाऱ्याला लागलेली जहाजे आणि माल परत करणे हे कोकणच्या वहिवाटीविरुद्ध आहे. तुम्हांस ही सवलत दिली तर फरासीस, वलंदेज आणि इतर व्यापारी तीच मागतील. आणि कित्येक पिढ्या चालत आलेला रिवाज मोडल्याखेरीज ती देता येणार नाही, असा जबाब महाराजांचे मंत्री निराजीपंत ह्यांच्या मुखाने ऑक्झेंडनास मिळाला. जहाजावरील माणसांची गोष्ट वेगळी; त्यांना आसरा द्यावा, त्यांच्याशी ममतेने वागावे, ह्याला महाराजांची पूर्ण संमती होती. म्हणजे वाळूवर आलेल्या माणसात आणि वाळूवर आलेल्या मालात महाराजांनी स्पष्ट भेद केला: माणूस परत जाईल, माल राहील.

ह्या नकाराचे मर्म ध्यानात येण्यास तिथी पाहावी लागते. ६ जून रोजी ज्या पुरुषाने सिंहासनारोहण करून आपल्या सत्तेला धर्मशास्त्राचे अधिष्ठान मिळवून दिले, त्याच पुरुषापुढे त्याच आठवड्यात हा मसुदा मंजुरीस होता. काल-परवापर्यंत विजापूरकर आणि मोगल ज्याला बंडखोर जमीनदार म्हणून हिणवीत होते, त्याने कोकणच्या राजांचा एक पुरातन हक्क आपला म्हणून सांगावा, आणि तो परकीय व्यापाऱ्याच्या विनंतीवरून सोडण्यास नाही म्हणावे, ह्यात चार पोत्यांच्या लोभापेक्षा नव्या राजमुद्रेची प्रतिष्ठा अधिक गुंतलेली होती असे मला वाटते. जो हक्क सोडता येतो तोच आपल्या मालकीचा असतो, हे जसे खरे, तसेच तो सोडण्यास नकार दिल्यावाचून पुष्कळदा ती मालकी सिद्धही होत नाही.

तथापि अखेर झाले काय, ह्याविषयी दोन साक्षी आहेत आणि त्या जुळत नाहीत. त्या काळी मुंबईत असलेला वैद्य जॉन फ्रायर ह्याने आपले प्रवासवृत्त सन १६९८ मध्ये लंडनला छापले; त्यात ही दोन कलमे वगळून बाकीची मान्य झाली असे आहे. इतिहासकार ग्रँट डफ आपल्या १८२६ च्या बखरीत मात्र सांगतो की, महाराजांनी प्रथम पुष्कळ अनिच्छा दाखविली, पण शेवटी दोन्ही मुद्दे सोडले. डफापुढे कंपनीचे दप्तर होते, फ्रायरापुढे प्रत्यक्ष वकिलातीहून परतलेली माणसे. माझा कल फ्रायरकडे आहे, कारण नकाराची कारणे त्याने इतकी तपशिलाने दिली आहेत की नंतर होकार मिळाला असता तर तो सांगितल्यावाचून त्याला राहवले नसते. आणि समजा होकार मिळालाही. रायगडावर कागदावर उठलेला शिक्का हर्णै-जयगडच्या वाळूवर पोहोचेपर्यंत किती ओहोट्या होऊन गेल्या असतील, ह्याचा विचार वाचकानेच करावा.

महाराजांनी ज्या वहिवाटीचा आधार घेतला ती खरोखरच जुनी होती, पण शास्त्रात तिला आधार सापडतो असे नाही. कौटिल्याने नावाध्यक्षाची कर्तव्ये सांगताना वाऱ्याने भरकटलेल्या नौकेवर पित्याप्रमाणे अनुग्रह करावा, आणि पाण्याने खराब झालेल्या मालावरील शुल्क माफ करावे किंवा अर्धे घ्यावे, असा नियम घालून दिला आहे. मनूने हरवलेल्या वस्तूचा धनी सापडत नसेल तर राजाने ती तीन वर्षे अनामत ठेवावी, त्या अवधीत धनी आला तर त्याला द्यावी आणि त्यानंतरच आपली म्हणावी, असे सांगितले आहे. शास्त्र एकीकडे आणि किनारा दुसरीकडे, अशी ही स्थिती होती. तेराव्या शतकाच्या अखेरीस पश्चिम किनाऱ्यावरून गेलेला मार्को पोलो मलबारातील एली राज्याविषयी लिहितो की, दुसऱ्या बंदराला निघालेले जहाज वाऱ्याने तेथे येऊन लागले तर लोक ते लुटतात. त्यांचे म्हणणे असे की, तुम्ही निघाला होता भलतीकडेच, देवाने तुम्हांला आमच्याकडे पाठविले, तेव्हा तुमचे जे काही आहे ते आमचे. उलट जे जहाज मुळातच त्या बंदराला यायचे म्हणून निघाले असेल त्याचा ते आदरसत्कार करीत. ह्या तर्कटाला आपण हसावे खरे, पण त्यात एक गावंढळ न्यायबुद्धी आहे: पाहुणा आणि दैवाने धाडलेले घबाड ह्यांत फरक केला पाहिजे, एवढे त्या लोकांना कळत होते. त्याच पोलोने आपल्या ठाण्याविषयीही एक मासलेवाईक गोष्ट नोंदली आहे. तेथील राजाचा समुद्री चाच्यांशी करार होता, त्यानुसार लुटीतले घोडे तेवढे राजाचे, बाकी सर्व चाच्यांचे. घोड्यांचा तुटवडा असलेल्या देशात राजनीती कोठवर जाते, त्याचा हा नमुना.

ह्या रूढीचा पहिला सुस्पष्ट त्याग मला जो माहीत आहे तो आपल्या किनाऱ्यावरचा नसून पूर्वेकडचा आहे. काकतीय राजा गणपतिदेव ह्याने शके ११६६ मध्ये, म्हणजे सन १२४४ च्या सुमारास, आंध्रातील मोटुपल्ली बंदरात एक अभयशासन कोरविले. पूर्वीचे राजे वादळाने फुटून किनाऱ्यास लागलेल्या नौकांतील सोने, हत्ती, घोडे, रत्ने इत्यादी सर्व बळाने हिरावून घेत असत; परंतु धन हे प्राणांहूनही मोलाचे मानून जे समुद्रप्रवासाचे साहस पत्करतात त्यांना आम्ही ठरलेल्या शुल्काखेरीज सर्व काही सोडून देत आहोत, अशा आशयाचे ते शासन आहे. करुणा, कीर्ती आणि धर्म ही त्याची कारणे त्यात सांगितली आहेत. चौथे कारण सांगितलेले नाही, पण मोटुपल्लीच्या जकातनाक्यावरील कारकुनाला ते ठाऊक असणार: ज्या बंदरात फुटलेल्या जहाजाचा माल धन्यास मिळतो, त्या बंदराला न फुटलेली जहाजेही अधिक येतात.

हेच कारण मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता ह्याने शंभर वर्षांनी उघड सांगितले. महंमद तुघलकाने चीनच्या बादशहाला पाठविलेल्या नजराण्यांसह तो कालिकतला येऊन थांबला असता वादळाने त्याची जहाजे फुटली. स्वतः तो त्या रात्री किनाऱ्यावर होता म्हणून वाचला, आणि त्याच्याजवळ दहा दिनार व निजण्याचा गालिचा एवढीच चीजवस्तू राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने वाळूवर जे पाहिले ते ह्या विषयावरचे सगळ्यांत जिवंत चित्र होय. कालिकतचा राजा कमरेला पांढरे वस्त्र गुंडाळून, अनवाणी, डोक्यावर सेवकाने धरलेल्या छत्रीखाली उभा आहे. पुढे जाळ पेटविला आहे. आणि त्याचे शिपाई दर्याने टाकलेल्या मालावर तुटून पडणाऱ्या लोकांना झोडपीत आहेत. मलबारात इतरत्र फुटलेल्या जहाजाचा माल सरकारजमा होतो, केवळ ह्या नगरात तो धन्याला मिळतो, आणि म्हणूनच हे नगर भरभराटले आहे, अशी पुस्तीही तो जोडतो. मोटुपल्लीचा स्तंभ राजाची आणि व्यापाऱ्याची गोष्ट सांगतो. कालिकतच्या वाळूवर तिसरा दावेदार प्रथमच, पाठीवर काठी झेलीत का होईना, आपल्या दृष्टीस पडतो. व्यापाऱ्याचा माल वाचविण्यासाठी खुद्द राजाला जातीने समुद्रावर यावे लागले, ह्यावरून त्या तिसऱ्याचा दावा किती बळकट होता ते कळते.

रायगडावर मालाची परतफेड मागणाऱ्या इंग्रजांच्या स्वतःच्या घरी काय चालले होते, हेही पाहणे न्यायाचे होईल. तेथेही फुटलेल्या जहाजावर राजाचाच हक्क होता. सन १२७५ च्या वेस्टमिन्स्टरच्या कायद्याने त्याला एवढीच मर्यादा घातली होती की, जहाजावरून एखादा माणूस, कुत्रा किंवा मांजर जिवंत निसटले असेल तर ते जहाज 'फुटलेले' समजू नये, आणि वर्ष व एक दिवस इतक्या मुदतीत धन्याने हक्क शाबीत केला तर माल त्याला द्यावा. हा नियम दयाळूपणाचा खरा, परंतु किनाऱ्यावरच्या लोभी माणसाला त्या मांजराच्या जिवाशी वैर धरण्यास कारण देणारा! कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरील गावेच्या गावे तुफानाच्या रात्री कुऱ्हाडी आणि पिंपे घेऊन खाली उतरत, ही त्या देशाच्या लोककथांतही मुरलेली गोष्ट आहे. तेव्हा कोकणच्या रिवाजाला रानटी म्हणण्याचा अधिकार ऑक्झेंडनच्या मायदेशाला फारसा नव्हता. फरक एवढाच की, तिकडे राजाचा हक्क कायद्याच्या पुस्तकात होता आणि इकडे तो राजाच्या आणि रयतेच्या स्मरणात होता.

पुढे दीडशे वर्षांत तराजू फिरला. सन १८१२ मध्ये कोल्हापूरच्या छत्रपतींनी कंपनी सरकारशी जो तह केला त्यात मालवण बंदर सिंधुदुर्गासह गेलेच, पण त्याबरोबर सशस्त्र गलबते बंदरांतून ये-जा करू देऊ नयेत, अडचणीतील जहाजांस साह्य करावे आणि फुटलेल्या जहाजांचा माल परत करावा, हेही पत्करावे लागले. रायगडावर जे कलम विनंती म्हणून आले होते तेच आता अट म्हणून आले, आणि ह्या खेपेस वहिवाटीचे नाव काढण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. मग दीपगृहे आली. ज्या खांदेरीवर महाराजांनी १६७९ मध्ये इंग्रजांच्या डोळ्यांदेखत तटबंदी उभारली, त्याच बेटावर १८६७ मध्ये इंग्रजांनी जहाजे वाचविणारा दिवा लावला. स्वतंत्र भारताने १९५८ साली जहाजवाहतुकीचा कायदा केला तेव्हा त्यातही अशा मालासाठी एक सरकारी अंमलदार, सापडलेल्या मालाची वर्दी देण्याची सक्ती, वर्षाची मुदत आणि वाचविणाऱ्याला मोबदला अशी तरतूद ठेविली. तिसऱ्या दावेदाराला त्यात हक्काने काही मिळाले. मात्र त्यासाठी त्याने सापडलेली वस्तू प्रथम सरकारच्या हवाली करावयाची, आणि हीच अट पाळणे त्याला सर्वांत जड जाते.

त्याचा पुरावा जगाने जानेवारी २००७ मध्ये पाहिला. 'एम. एस. सी. नेपोली' हे दोन हजारांवर पेट्या वाहणारे जहाज इंग्लिश खाडीतील वादळात तडकले. सव्वीस खलाशी सुखरूप निघाले आणि जहाज डेव्हन परगण्यातील ब्रॅन्सकोम गावाशी मुद्दाम उथळ पाण्यात रुतविण्यात आले. शंभरांवर पेट्या समुद्रात पडल्या, कित्येक वाळूवर येऊन फुटल्या, आणि बातमी पसरताच शेकडो माणसे दूरदुरून मोटारींनी तेथे लोटली. कोणी कोऱ्या करकरीत मोटारसायकली ढकलीत नेल्या, कोणी मद्याची पिंपे, कोणी लहान मुलांचे लंगोट, कोणी मोटारींचे सुटे भाग. सापडलेल्या वस्तूची वर्दी अठ्ठावीस दिवसांत द्यावी, असा तेथील कायदा. त्याचा सोयीस्कर अर्थ लोकांनी असा घेतला की, तोवर ती घरी न्यावयास हरकत नाही. शेवटी पोलिसांनी समुद्रकिनाराच बंद केला. ऑक्झेंडनच्या देशबांधवांना कोकणची वहिवाट पटण्यास सव्वातीनशे वर्षे लागली, असे एखाद्या वात्रट कोकण्याने म्हटल्यास त्याला दोष देता येणार नाही.

आपल्याकडे तशी वेळ ७ ऑगस्ट २०१० रोजी आली. मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एम. एस. सी. चित्रा' आणि 'खलिजिया' ह्या जहाजांची टक्कर झाली, 'चित्रा' एका कुशीवर कलली आणि तिच्यावरील बाराशेच्या आसपास पेट्यांपैकी शेकडो पाण्यात घसरल्या. बंदराची वाहतूक कित्येक दिवस खोळंबली. रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर बिस्किटांचे पुडे वाहत आले तेव्हा माणसे ते गोळा करण्यास धावली, ह्यात नवल नव्हते. नवल होते ते मनाईच्या कारणात. त्या जहाजावर कीटकनाशकेही होती, म्हणून सरकारने लोकांस दूर राहण्यास बजावले, आणि श्रावणात आधीच मंदावलेला मासळीचा बाजार भीतीने आणखी बसला. ह्या खेपेस काठी मालाच्या रक्षणासाठी नव्हती, माल गोळा करणाऱ्याच्या रक्षणासाठी होती.

मे २०२५ च्या अखेरीस 'एम. एस. सी. एल्सा ३' हे जहाज कोचीच्या समुद्रात ६४० पेट्यांसह बुडाले. बारा पेट्यांत कॅल्शियम कार्बाइड होते, जे पाण्याशी भिडताच ज्वालाग्राही वायू सोडते. कोल्लम, आलप्पुळा आणि तिरुवनंतपुरमच्या किनाऱ्यांवर पेट्या लागल्या तेव्हा कोणीही दोनशे मीटरांच्या आत जाऊ नये, असे आपत्ती व्यवस्थापनाने जाहीर केले. त्याखेरीज प्लॅस्टिकचे साबुदाण्याएवढे पांढरे दाणे, पोत्यांतून सुटून, मैलोगणती वाळूत मिसळून गेले. ते ना खाण्याचे, ना विकण्याचे, ना जाळण्याचे. केरळ सरकारने उच्च न्यायालयात जाऊन जहाजमालकांकडून ९,५३१ कोटी रुपयांची भरपाई मागितली. ज्या मलबारी किनाऱ्यावर सातशे वर्षांपूर्वी लोक परक्याच्या मालासाठी काठ्या खात होते, त्याच किनाऱ्यावर स्वयंसेवक पावसात गुडघे टेकून, चाळण्या हलवीत, वाळूतून ते दाणे वेचीत बसले होते. आणि दर भरतीला ते पुन्हा येत होते.